घरातलं घरात

राउटर तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून आला आणि वायरमामांच्या शिडीपासून हातभर अंतरावर फुटला. मामा शिडीवर उभे राहून भिंतीवरच्या डब्यात कुणाची तरी तुटलेली लाइन जोडत होते. आधी त्यांना वाटलं, कुंडी पडली. मग खाली पाहिलं तर पांढऱ्या प्लास्टिकचे तुकडे, वाकलेला अँटेना आणि मामांनी स्वतःच्याच हातानं चिकटवलेलं कंपनीचं स्टिकर. "डोक्यात पडला असता म्हणजे?" असं ते वर बघून ओरडणार, तेवढ्यात वरून बाईची किंकाळी आली. एकच. आणि तीही कुणी तोंड दाबल्यासारखी मध्येच तुटली.

वायरमामांना खरं नाव होतं, पण ते पगाराचा दिवस सोडला तर कुणाच्या कामाचं नव्हतं. आजूबाजूच्या गल्ल्यांमध्ये इंटरनेट आलं ते त्यांच्या खांद्यावरच्या भेंडोळ्यातून. जिथे भिंत दिसली तिथे त्यांनी भोक पाडलं होतं. कॉट सरकवून, कपाटामागे हात घालून, माळ्यावर चढून त्यांनी वायरी नेल्या होत्या, त्यामुळे कुठलं जोडपं वेगवेगळ्या खोल्यांत झोपतं, कुणाच्या पलंगाखाली बाटल्या आहेत, कुणाचा जावई नोकरी सुटून सासऱ्याकडे येऊन बसलाय, हे सगळं त्यांना ठाऊक होतं. मामांच्या बायकोचं म्हणणं असं की एवढी घरं फिरून हा माणूस एक धड बातमी घरी आणत नाही. मामा पोटावर हात फिरवून म्हणायचे, "देवानं एवढं मोठं पोट उगाच दिलंय का? लोकांचं ठेवायला दिलंय." आणि खरंच, इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून एका घरातली गोष्ट दुसऱ्या घरात गेली नव्हती. पगार बेताचा, शिक्षण त्याहून बेताचं. माणसाला मिरवायला काहीतरी लागतं, मामा हे मिरवायचे.

तिसऱ्या मजल्यावर गणिताचे सर राहायचे. सरांच्या क्लासमध्ये पोराला जागा मिळाली की आईबाप निम्मी लढाई जिंकल्यासारखे घरी जायचे. पोलीस ठाण्यातल्या मोठ्या साहेबांच्या दोन्ही मुली त्यांच्याकडेच होत्या. सर रस्त्यानं निघाले की दुकानदार उभे राहायचे.

मामांनी तुकडे पिशवीत भरले आणि जिना चढले. तुकडे परत न्यायचा कंपनीचा नियम होता खरा, पण आज तो नुसता निमित्ताला होता.

दार सरांनीच उघडलं. इस्त्रीचा शर्ट, बाह्या कोपरापर्यंत नीट दुमडलेल्या, कपाळावर थोडा घाम. "या, या मामा! शंभर वर्षं आयुष्य आहे तुम्हाला. आत्ता फोन करणार होतो. नवा राउटर लागेल. पाचला माझा ऑनलाइन क्लास आहे."

"पडला कसा, सर?"

"निसटला." सर हसले. "बसा ना."

मामा बसले नाहीत. एक खुर्ची उताणी पडली होती. भिंतीच्या कडेला मोबाइल पडला होता, त्याच्या काचेचा भुगा झालेला. फरशीवर कुणीतरी ओलं फडकं फिरवलं होतं, पण घाईत. लालसर पट्टे तसेच होते.

"पाणी आण गं मामांना," सरांनी हाक मारली.

ती आली. मामा तिला वहिनी म्हणायचे. वरचा ओठ फाटून मधोमध दोन भाग झाले होते. एक डोळा सुजून मिटलेला. डावा हात तिनं पोटाशी धरला होता आणि त्याची दोन बोटं बाकीच्या बोटांशी संबंध नसल्यासारखी भलतीकडेच वळली होती. उजव्या हातातला पेला मात्र काठोकाठ भरलेला होता आणि त्यातलं पाणी तिनं सांडू दिलं नव्हतं.

"विचारा ना, काय झालं म्हणून," सर म्हणाले. "तुम्ही घरातलेच. आणि तुमच्या कंपनीचे तर माझ्यावर उपकार आहेत. सकाळी फोन आला. गोड आवाजाची मुलगी. म्हणाली, 'सर, एकट्या महिलेसाठी राहायची जागा शोधताय ना? आमच्याकडे सोय आहे.' मी म्हटलं, 'चुकीचा नंबर.' तर म्हणते कशी, 'नाही सर, तुमच्याच कनेक्शनवरून महिनाभर शोध चाललाय. जागा, नोकरी, घटस्फोटाचे वकील.' कुठलं गाव, कुठली वस्ती, सगळं तोंडपाठ होतं तिला. मी म्हटलं, 'कुठून कळलं बाळ?' म्हणाली, 'तुमची इंटरनेट कंपनीच माहिती देते ना, सर.' बघा! बायको शेजारच्या उशीवर झोपते, पण तिच्या डोक्यात काय आहे ते मला तुमच्या कंपनीमुळे कळलं."

वहिनींनी उघड्या डोळ्यानं मामांकडे पाहिलं.

त्या नजरेत काय होतं ते मामांना सांगायची गरज नव्हती. कनेक्शन बसवलं त्या दिवशी ते जिन्यातल्या डब्यापाशी उभे होते आणि ती वर राउटरजवळ. दिवा हिरवा झाला का ते घरातल्या कुणीतरी बघून ओरडायचं, ही मामांची पद्धत. बायका सहसा लाजून हळू सांगायच्या. ही मात्र लहान मुलीसारखी ओरडली होती, "झाला! मामा, हिरवा झाला!" मग मामा हत्यारं आवरायला वर आले, तेव्हा तिनं दाराकडे एकदा बघून विचारलं होतं, "मी यावर काय बघते ते कुणाला कळतं का हो?" मामा मोठ्यानं हसले होते. "वहिनी, नळवाला पाणी सोडतो. तुम्ही चहा करा नाहीतर भांडी घासा, त्याला काय कळतंय? बिनधास्त बघा." मग ती म्हणाली होती की फॉर्मवर माझा नंबर घाला. तर मामांनी समजावलं, नंबर घरातल्या पुरुषाचा घालतात, बरं असतं. सगळ्या घरांत त्यांनी तसंच केलं होतं. बायकांना उगाच बिलाची कटकट नको, हा त्यामागचा त्यांचा चांगुलपणा.

"पेला नीट ठेव," सर म्हणाले. त्यांनी तिची ती दोन बोटं हातात घेतली आणि मामांकडे हसून बघत दाबली. कट्‌ असा बारीक आवाज झाला. तिच्या मानेच्या शिरा तटतटल्या, पण तिनं ब्र काढला नाही. "बघा, किती शहाणी आहे. माझं म्हणणं एवढंच, घरातलं घरात राहावं."

मामांनी पाणी प्यायलं. लाज वाटावी अशी गोष्ट आहे, पण त्यांनी ते पाणी शेवटच्या थेंबापर्यंत प्यायलं, कारण पेल्यामागे तोंड लपवता येत होतं. सर त्यांच्यापेक्षा वीतभर उंच आणि पंधरा वर्षांनी लहान होते. सरांनी तिला आतल्या खोलीत नेलं, बाहेरून कुलूप लावलं, किल्ली शर्टाच्या खिशात टाकली आणि मामांच्या पाठीवर थाप मारली. "पाचच्या आधी हं मामा. पोरांचं नुकसान व्हायला नको."

कंपनीच्या ऑफिसात मालक जेवणानंतरची सुपारी चघळत बसले होते. मामांनी पिशवी टेबलावर उपडी केली. "आपण लोकांचं बघितलेलं विकतो?"

"विकतो काय विकतो! शब्द बघा," मालक म्हणाले. "नाव देत नाही आपण. फक्त नंबर आणि काय काय बघितलं ते."

"मग नाव कशाला लागतं!"

"मामा, सही केलीय लोकांनी फॉर्मवर. मागच्या बाजूला लिहिलेलं आहे."

"तो फॉर्म मी भरून घेतो. मागची बाजू मी तरी कधी वाचली?"

"वाचायची होती." मालकांनी सुपारी गालात सरकवली. "एवढ्या स्वस्तात कुणाला परवडतं हो? सगळेच देतात. आपण नाही दिलं तर बंद पडू, तुमचा पगार मी काय खिशातून देऊ? आणि ती बाई नवऱ्याच्या घरात बसून पळून जायचे बेत करत होती, त्याचं काय?"

मामांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. टेबल ओलांडून त्यांनी मालकांची गचांडी धरली आणि त्यांचं डोकं मागच्या भिंतीवर आपटलं, कॅलेंडर खाली पडेपर्यंत. "बोटं मोडली तिची! माझ्यासमोर मोडली! मी तिला सांगून आलो होतो, कुणाला कळत नाही म्हणून! माझी जबान होती ती!"

मालकांनी त्यांच्या कानशिलात हाणली. अंगठीनं गाल फाटला. दोघं धापा टाकत समोरासमोर उभे राहिले. मालक सदऱ्याची कॉलर नीट करत म्हणाले, "उद्यापासून येऊ नका." मामा फळीकडे गेले, नवा राउटर घेतला, हातोडी घेतली आणि निघाले. पोलिसांचा विचार त्यांच्या मनात आला नाही असं नाही. पण साहेबांच्या मुलींचा क्लास पाचलाच होता.

मामा शूर नव्हते, झुरळाला घाबरायचे. पण एक गोष्ट त्यांना वायरीइतकी सरळ दिसत होती. आज संध्याकाळचा क्लास संपला की सरांना दुसरं काम नव्हतं.

"आलात? वा!" सरांनी दार उघडलं. मामांच्या गालावरचं रक्त त्यांनी पाहिलं, पण विचारलं नाही. मामांनी नवा राउटर लावला. त्यातला दिवा लाल, कारण जिन्यातून येताना मामांनी डब्यातली तार काढून ठेवली होती.

"गच्चीवरून ताण बसलाय, सर. वर एक माणूस लागेल वायर धरायला. मी एकटा किती ठिकाणी पुरा पडू?"

सरांनी घड्याळ पाहिलं, आतल्या कुलपाकडे पाहिलं. "चला."

गच्चीवर मामांनी त्यांना टाकीमागच्या कोपऱ्यात उभं केलं आणि हातात वायरीचं टोक दिलं. "डोक्यावर धरा. हलवू नका बरं का, हललं की दिवा जातो." गावातल्या सगळ्या गणिताचं उत्तर काढणारा तो माणूस दोन्ही हात वर करून शहाण्या मुलासारखा उभा राहिला. मामा लोखंडी दारातून आत आले, दार ओढलं आणि कडी घातली. मग ते जे धावले ते लग्नानंतर पहिल्यांदाच एवढे धावले असतील.

कुलूप हातोडीला दाद देईना. मामांनी कोयंड्यावर घाव घातले. लाकडाच्या ढलप्या उडाल्या, कोयंडा निघाला, दार उघडलं आणि एक इस्त्री त्यांच्या कानाला चाटून चौकटीवर आदळली. वहिनी दाराआड उभी होती. उजव्या हातानं तिनं ती पुन्हा उचलली.

"वहिनी, मी! मी आहे!"

ती थांबली. श्वास शिट्टीसारखा वाजत होता. "ते कुठेत?"

"गच्चीवर. चला."

"चपला नाहीत. माझ्या चपला ते कपाटात कुलपात ठेवतात."

मामांनी आपले बूट काढून तिच्यापुढे सरकवले. वरून लोखंडी दारावर लाथा बसायला लागल्या होत्या. आवाज अख्ख्या जिन्यात घुमत होता आणि एकेका मजल्यावरचं दार किलकिलं होत होतं. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी ढगळ बूट घातलेल्या वहिनींना पाहिलं आणि दार लावून घेतलं.

फाटकाशी मामांनी रिक्षा थांबवली, खिशात होतं नव्हतं ते तिच्या मुठीत कोंबलं. ती आत बसली आणि बाहेर वाकली. फाटक्या ओठातून शब्द नीट येत नव्हते. "मामा, मी आता माझ्या—"

मामांनी दोन्ही कानांत बोटं घातली.

"सांगू नका! नाव घेऊ नका. मला कळलं तर ते माझ्याकडून काढून घेतील. मी मोठा पैलवान नाही, वहिनी. पहिल्या फटक्यात बोलेन."

तिचे ओठ हलले. काय म्हणाली ते मामांना ऐकू आलं नाही. त्यांनी पाठ फिरवली आणि फाटकाच्या भिंतीला कपाळ टेकून डोळे मिटून उभे राहिले, कानांत बोटं तशीच. रिक्षा डावीकडे वळली की उजवीकडे, तेही त्यांना नको होतं.

डोळे उघडले तेव्हा रस्ता रिकामा होता. आता पळावं, असं त्यांच्या मनानं घेतलं. पण वर कडी सरकल्याचा आवाज झाला. कुणीतरी सरांची सुटका केली होती. मामा भिंतीला टेकलेली आपली शिडी घेऊन अनवाणी जिन्यात शिरले, ती पहिल्या वळणावर आडवी अडकवली आणि तिच्यामागे उभे राहिले. रिक्षाला मोठा रस्ता गाठायला जेवढा वेळ लागेल तेवढा.

सरांनी शिडी लाथेनं उडवली. ती मामांच्या छातीवर बसली आणि आत काहीतरी मोडलं. दुसरी लाथ तोंडावर. मामांनी त्यांचा पाय दोन्ही हातांनी कवटाळला, तर सरांनी केस धरून त्यांचं डोकं पायरीच्या कडेवर आपटलं. सरांच्या हातात मामांचीच हातोडी होती, कोयंड्याजवळ राहिलेली.

"कुठे गेली?"

"माहीत नाही."

सरांनी मामांचं उजवं मनगट बुटाखाली दाबलं आणि हातोडी घातली. मामा गुरासारखे ओरडले. केसाएवढ्या काचेच्या तारा जोडणारी ती बोटं होती.

"कुठे गेली? रिक्षात बसवलंस ना?"

"देवाशपथ माहीत नाही, सर."

पुन्हा हातोडी. जिन्याच्या कठड्याला माणसं जमली होती. प्रत्येकाच्या घरात मामांनी पाडलेलं भोक होतं, प्रत्येकीनं कधी ना कधी मामांना चहा दिला होता. "अहो मामा, सांगून मोकळे व्हा की," काकू रडत म्हणाल्या. "दुसऱ्याच्या बायकोसाठी जीव देता का?" कुणीतरी म्हणालं, "सर, पुरे, मरेल तो." पण खाली कुणी उतरलं नाही. आणि मामा तर सांगायला तयार होते! त्या क्षणी त्यांना ठाऊक असतं तर त्यांनी गाव, गल्ली, घराचा रंग, सगळं सांगितलं असतं. त्यांनी आतून शोधलं, काहीतरी सापडावं म्हणून धडपडले, आणि काहीही सापडलं नाही. ते रडायला लागले. मग सरांनी दुसरा हात घेतला.

पोलीस आले ते कुणीतरी फोन केला होता म्हणून, आणि फोन असा केला होता की वायरवाल्यानं सरांची बायको पळवली.

सर दोन दिवसांत सुटले. दवाखान्यात साहेब येऊन गेले, त्यांनीही तोच प्रश्न विचारला, जरा गोड शब्दांत. मालकही आले, डोक्याला पट्टी बांधून. खुर्ची ओढून बसले, आणि मामांच्या प्लास्टरकडे बघत म्हणाले, "केस करू नका, मीही करत नाही. नोकरीचं बघू काहीतरी. सर रोज ऑफिसात येतात हो. सांगून टाका, विषय मिटेल."

"माहीत नाही."

"बरं. नका सांगू." मालक उठले. दाराशी जाऊन वळले. "मला तसं वाईट नाही वाटत असं नाही, मामा. पण ती जाईल तिथे फोन घेणारच ना? नेट लावणारच. जागा, नोकरी, तेच ते पुन्हा शोधणार. तिथेही आमच्यासारखाच कुणीतरी असेल."

त्या वाक्यानं मामांना हातोडीपेक्षा जास्त दुखलं. तिला हे सांगायला हवं होतं. स्वतःच्या नावावर काही घेऊ नका, जुने नंबर लावू नका, मी सांगितलेलं सगळं खोटं होतं, हे तिला कुणीतरी सांगायला हवं होतं, आणि सांगणारा एकच माणूस होता. त्याला पत्ता ठाऊक नव्हता.

संध्याकाळी बायको डबा घेऊन आली. वरणभाताचा काला करून चमच्यानं भरवायला लागली. एवढ्या दिवसांत तिनं एक शब्द विचारला नव्हता. आज तिनं शेजारच्या खाटेकडे बघितलं, आवाज अगदी खाली आणला आणि म्हणाली, "मला तरी सांगा. मी कुणाला सांगणारे?"

"खरंच माहीत नाही गं."

तिनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. तीस वर्षं ती त्यांच्या पोटातलं काढायचा प्रयत्न करत आली होती, काय लपवलेलं आहे आणि काय मुळातच नाही हे तिला चेहऱ्यावरून कळायचं.

"म्हणजे नीट पोचली की नाही, तेही नाही?"

"नाही."

"आणि कधी कळणारही नाही?"

मामांनी मान हलवली. त्यांचे दोन्ही हात प्लास्टरमध्ये चादरीवर पडून होते आणि डोळे पुसता येत नव्हते. बायकोनं पदरानं पुसले, मग चमचा पुन्हा भरला.

"आ करा," ती म्हणाली. "गार होतंय."